परवा म्हणजे नक्की कधी

“स्पाइनल टीबी,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे पाठीच्या मणक्याला झालेला क्षयरोग. मग पडद्यावरच्या एमआरआयवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “इतने महीने घर में बैठ के क्या कर रहे थे आप लोग?”

रोगाचं नाव आणि बोलणी मला एकाच दमात मिळाली. माझे पती मनोहर शेजारी चाकाच्या खुर्चीत बसले होते. तीन दिवसांपूर्वीपर्यंत ते भिंतीला धरून का होईना, चालत होते. आता पाय उचला म्हटलं की ते नुसते पायाकडे बघत राहायचे.

मला आधी भीती वाटायला हवी होती. मला राग आला. आम्ही घरी बसलो नव्हतो. याच दवाखान्याच्या तळमजल्यावर, इमर्जन्सीत, आम्ही दोनदा येऊन गेलो होतो. मी ते जोरात सांगितलं, बाहेर रांगेत बसलेल्यांनाही ऐकू जाईल इतकं. डॉक्टरांनी शांतपणे फाइल उघडली आणि पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं: दोन दिवसांपूर्वी स्टुलावर चढले, तेव्हापासून कंबरदुखी.

दोन दिवस. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा दुखण्याला तीन महिने होऊन गेले होते.

“हे खोटं आहे,” मी म्हणाले. मराठीत म्हणाले, कारण संतापले की मला दुसरी भाषा सुचत नाही. चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं मनात आलं. त्या पानाखाली ज्या ज्युनिअर डॉक्टर मुलीची सही होती, तिला मी त्याच क्षणी दोषी ठरवून टाकलं.

माझं नाव सुमती. हैदराबादेत जन्मले, इथल्याच शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आमचे सासरे जालन्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी काचीगुड्याला आले आणि आम्ही मग बरकतपुऱ्यात राहिलो. आम्ही ख्रिस्ती आहोत. दर रविवारी दुपारी, तेलुगू मंडळीची उपासना संपली की त्याच चर्चमध्ये आमच्या मराठी मंडळीची भक्ती होते. तीसपस्तीस डोकी असतात, त्यातली निम्मी माझ्यासारखी पांढरी.

हे लिहिते आहे ते या दुखण्यातून जाणाऱ्या घरांसाठी. गोड लिहिणार नाही. गोड लिहिलेलं त्या काळात लोकांनी मोबाइलवर पुष्कळ पाठवलं, गुलाबाच्या फुलांसकट, आणि प्रत्येक वेळी फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे दुखणं आलं तेच मुंगीच्या पावलांनी. नाताळात मनोहर चांदणी लावायला स्टुलावर चढले आणि उतरताना कंबरेला हात लावला. लचक भरली असेल, असं आम्ही धरून चाललो. जानेवारीत संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं. फेब्रुवारीत पट्ट्याला घरीच खिळ्याने नवं भोक पाडलं. अफझलगंजच्या लायब्ररीत रोज सकाळी बसने जाऊन वर्तमानपत्रं वाचणारा हा माणूस, त्याने लायब्ररी सोडली. विचारलं तर म्हणे, “आजकाल पेपरात वाचण्यासारखं काय असतंय?” मी विश्वास ठेवला. सोयीचं होतं.

मार्चच्या शेवटी आम्ही इमर्जन्सीत गेलो. त्या ज्युनिअर डॉक्टर मुलीने पाठ दाबून पाहिली, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या दिल्या, दोन आठवडे विश्रांती सांगितली. दोन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा दुसरे कुणी होते. त्यांनी मान वर न करता पहिलं पान वाचलं. मी संध्याकाळच्या तापाचं बोलले. “सीझन का है,” ते म्हणाले आणि फिजिओथेरपी लिहून दिली, म्हणजे शेक, मालीश आणि व्यायाम. किडलेल्या मणक्याकडून आम्ही तीन आठवडे व्यायाम करून घेतला.

मग एके सकाळी मनोहर बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आले. एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत निसटली होती आणि त्यांना कळलंही नव्हतं. तुमच्या घरी असं झालं तर एक दिवसही थांबू नका. पायाला चपलेची शुद्ध नसणं म्हणजे मज्जारज्जूवर, मेंदूतून पायाकडे जाणाऱ्या त्या दोरीवर, दाब आलेला असतो.

त्या दाबाचं नाव एमआरआयनंतर कळलं. कोल्ड ॲब्सेस, म्हणजे थंड गळू. पू साठतो पण तो ठणकत नाही, लाल होत नाही, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. मणक्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून पू काढू, मणके सळ्या आणि स्क्रूंनी बांधू, नंतर किमान वर्षभर टीबीच्या गोळ्या. “चालतील का?” मी विचारलं. “जितनी जल्दी आते, उतना अच्छा होता,” ते म्हणाले. ना होय, ना नाही. त्या वाक्याला धरून मी पुढचे अनेक महिने काढले.

ऑपरेशन सहा तास चाललं. बाहेरच्या हॉलमध्ये आमची मुलगी रूथ माझ्या शेजारी बसली होती. ती दिलसुखनगरला राहते, तिथल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. भिंतीवरच्या टीव्हीत कुणीतरी बिर्याणी करून दाखवत होतं आणि तो बंद करायचं बटण कुणाकडेच नव्हतं. रूथ म्हणाली, “मम्मी, प्रेयर करू या ना.” मी म्हटलं, “तू कर.” तिने डोळे मिटले. मी बिर्याणी बघत बसले. त्या दिवशी पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी प्रार्थना केली नाही, आणि ती मी जाणूनबुजून टाळली हे देवाला कळावं अशीही माझी इच्छा होती.

पू निघाला, मणके बांधले गेले. तपासणीत टीबीच निघाला. पण पाय हलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, थांबा. नर्सने मला लॉगरोल शिकवला. म्हणजे पेशंटला कुशीवर वळवताना खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवायची, ओंडका फिरवावा तशी, मध्ये पीळ पडता कामा नये. दर दोन तासांनी. नाहीतर पाठीला जखमा होतात. मनोहरचं वजन बावन्न किलोवर आलं होतं, तरी मला एकटीला ते जमायचं नाही. प्रत्येक वेळी वॉर्डातल्या आयाबाईंना हाक मारायची आणि प्रत्येक वेळी त्या “वस्तुन्नानम्मा” म्हणायच्या, येते हं, आणि लवकर यायच्या नाहीत.

मी तक्रार लिहिली. चार पानं. इंग्रजी रूथचं, राग माझा. त्या ज्युनिअर डॉक्टरने पेशंटचं न ऐकता मनाला येईल ते लिहिलं, तिच्यावर कारवाई करा. रूथ म्हणाली, “मम्मी, कारवाई म्हणजे तिचं करिअर जाईल.” मी म्हटलं, “तुझ्या पप्पांचे पाय गेले.”

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मला तक्रार विभागात बोलावलं. खोलीत तिथले साहेब होते, साठीचे, इथलेच, अदबीने बोलणारे. समोर ती मुलगी. डॉक्टर शिवानी. ड्युटी संपवून आली होती, डोळ्यांखाली काळं. लखनौकडची. मी ठरवून आले होते की तिला बोलूच द्यायचं नाही. पण तिने एकच वाक्य म्हटलं.

“आंटी, आपने कहा था कि परसों स्टूल पर चढ़े थे।”

“हौ,” मी ठसक्यात म्हणाले. “परसों. डिसेंबर में.”

साहेबांनी हळूच चष्मा काढला.

“मॅडम,” ते म्हणाले, “आपका परसों हमारा परसों है. गए साल का भी परसों, दस बरस पहले का भी परसों. डॉक्टर साहिबा बाहर की हैं. उनके पास परसों बोले तो परसोंच.”

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगायला हवं. आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. इथल्या बोलीत राहून राहून आमचा मराठी परवाही तसाच झाला आहे. माझे मामा परवा वारले असं मी सांगते, त्याला अकरा वर्षं झाली. शाळेत मी पोरांच्या निबंधातून याच शब्दाचे मार्क कापले आहेत. काल, परवा, तेरवा, अशी फळ्यावर ओळ लिहून एकतीस वर्षं घोकून घेतली. आणि जिथे शब्द मोजून वापरायचा, तिथे माझ्या तोंडून बाहेर आलं ते “परसों स्टूल पे चढ़े थे ये, तब से कमर दुख रई इनकी.”

ती मुलगी काय लिहिणार? तिने ऐकलं तेच लिहिलं.

मी माफी मागितली असेल असं तुम्हांला वाटेल. मी म्हणाले, “तरी ताप विचारायला हवा होता,” आणि पर्स उचलून बाहेर आले. पडले तरी नाक वर. तक्रार मागे घेतली नाही. मनोहरना काही सांगितलं नाही. रूथने विचारलं तर म्हटलं, चौकशी चालू आहे. त्यानंतर सहा दिवस जो कुणी भेटायला आला त्याला मी त्या निष्काळजी डॉक्टरची गोष्ट सांगत राहिले, आणि दर वेळी ती थोडी अधिक रंगवून सांगितली. खोटं बोलणाऱ्याला स्मरणशक्ती लागते म्हणतात. रागावलेल्याला तीही लागत नाही.

सातव्या दिवशी मंडळी आली. आमच्यात आजाऱ्याच्या खाटेभोवती उभं राहून एकेकाने नाव घेऊन प्रार्थना करायची पद्धत आहे. नऊजण आले, नर्सने कटकट केली, तरी सगळे आत. आधी सांत्वन झालं. प्रत्येकाकडे एक कारण होतं. देवाची काहीतरी योजना असेल. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. एकजण म्हणाले, निदान कॅन्सर तरी नाही. मनोहर कमरेखाली निर्जीव पडलेले आणि त्यांच्या पायथ्याशी उभं राहून हा गृहस्थ त्यांचं नशीब वाखाणत होता. मी दात आवळून चहाचे कागदी कप मांडत होते.

मग लीलाबाईंनी प्रार्थना सुरू केली. आमच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख, मनाच्या साध्या, आवाजाच्या मोठ्या. मनोहरसाठी मागितलं, माझ्यासाठी मागितलं. आणि मग म्हणाल्या, “हे प्रभू, ज्या डॉक्टरच्या चुकीमुळे आमच्या भावावर ही वेळ आली, तिला तू क्षमा कर.”

सगळे म्हणाले, आमेन.

“बस करा,” मी म्हणाले. कुणाला कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, या वेळी ओरडून. “तिच्यासाठी कशाला क्षमा मागता? निघा इथून. सगळे निघा.” लीलाबाईंचे हात जोडलेलेच राहिले. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना दारापर्यंत नेलं, बाकीचे आपोआप मागून गेले. आजवर मी कुणाला घरातून हाकललं नव्हतं. तिथे तर घरही माझं नव्हतं.

दार लागल्यावर मनोहर म्हणाले, “काय झालं तुला?”

मी सांगितलं. खाटेच्या पायाशी उभी राहून, शाळेत चुकलेल्या पोराने सांगावं तसं. चूक त्या मुलीची नाही. मी परसों म्हणाले. तिने दोन दिवस लिहिले. पुढच्यांनी तेच पान वाचलं. सहा दिवसांपासून मला माहीत आहे.

ते म्हणाले, “मी तिथंच होतो. मग मला कसं ते खटकलं नाही?” मग त्यांना स्वतःच उत्तर सापडलं. त्यांनाही त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. तेही इथलेच. मला क्षणभर वाटलं, आता हसतील, म्हणतील, मीसुद्धा तेच म्हणालो असतो गं. ते म्हणाले, “आणि सहा दिवस तू तिचं नाव खराब करीत बसलीस.” आणि तोंड भिंतीकडे केलं. अंग वळत नव्हतं, नुसतं तोंड.

दुसऱ्याच दिवशी मी तक्रार मागे घेतली आणि शिवानीला शोधून काढलं. ती इमर्जन्सीत होती. रांगेत उभं राहून माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, “मुझे माफ करो बेटा. गलती मेरी थी.” मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट हे सगळ्यांसमोर बोलावं लागतंय याचाच राग आला. ती म्हणाली, “आंटी, मैं भी पूछ सकती थी। तारीख़ पूछ सकती थी।” आणि मग, “अंकल के पैर?” मी नाही म्हणून मान हलवली. तिने पुढच्या पेशंटला बोलावलं. माफी मागून मन हलकं होतं असं मी मुलांना शिकवत आले. माझं झालं नाही. एक ओझं खाली ठेवलं तेव्हा दुसरं किती जड आहे ते कळलं.

म्हणून तुम्हांला पहिली गोष्ट ही सांगते. डॉक्टरकडे जाताना दुखणं कधी सुरू झालं ते कागदावर लिहून न्या. तारीख लिहा. तारीख आठवत नसेल तर सण लिहा. नाताळ, संक्रांत, रमजान, काहीही. परवा लिहू नका.

अठराव्या दिवशी आम्ही घरी आलो. त्यानंतरच्या रविवारी आमचे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले. जे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी पाळक येऊन हा विधी करतात. छोटी पेटी असते, त्यात भाकर आणि द्राक्षरसाचे बोटाएवढे पेले. घेण्याआधी मन तपासायचं असतं. कुणाविषयी अढी असेल तर आधी त्याच्याशी समेट करायचा, मग हात पुढे करायचा. हे आम्हांला लहानपणापासून पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच कुणी कधी थांबत नाही.

मनोहर थांबले. “मी घेणार नाही,” ते म्हणाले. “माझ्या मनात हिचा राग आहे.”

मला वाटलं, पाळकसाहेब त्यांना दोन शब्द सांगतील. क्षमेवर इतके उपदेश केले होते त्यांनी. त्यांनी पेटी मिटली. “बरं,” म्हणाले, “पुढच्या महिन्यात येतो.” मग चहा घेतला, गोळ्यांची चौकशी केली, क्रिकेटचं बोलले.

मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. “त्यांना समजवा ना,” मी म्हणाले.

“काय समजवू? खरं बोलले ते.”

“आणि मी? मी सगळ्यांची माफी मागत हिंडते आहे. देवाने कुणाची मागितली?”

मला वाटलं, आता तरी ते दचकतील. ते स्कूटरची किल्ली शोधत होते. “हे त्यालाच विचारा,” म्हणाले. “मी काय, पगारी माणूस.”

त्यांचाही राग आला. पण राग घेऊन जायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. डॉक्टर सुटली, मंडळी हाकलून झाली, नवरा बोलत नव्हता. मग मी विचारलं. सकाळी मनोहरना उपाशीपोटी गोळ्या द्यायच्या असत, त्यानंतर अर्धा तास काही खायचं नसे. तो अर्धा तास मी ओट्याशी उभी राहून देवाशी भांडायचे. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून. शब्द माझे असायचे, घरातले, शाळेतले, एखादा तोंडात न शोभणाराही. तुला तर सगळ्या भाषा येतात ना. मग मी परसों म्हणाले तेव्हा तुला कळलं होतं, मी काय म्हणतेय ते. तिला का नाही कळू दिलंस?

उत्तर आलं नाही. खोटं लिहिणार नाही, आजही आलेलं नाही. पण एक गोष्ट झाली. पन्नास वर्षं दर रविवारी मी पापकबुलीची प्रार्थना म्हणत आले. आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने चुकलो, असा तिचा अर्थ असतो. मी ती पुढच्या रांगेतून, शुद्ध उच्चारात म्हणायचे आणि मागचे कसे चुकीचं म्हणतात ते ऐकत राहायचे. शब्दाने चुकलो. आता त्या कबुलीत घालायला माझ्याकडे एक खराखुरा शब्द होता, परसों. मी आयुष्यभर स्वतःला क्षमा करणाऱ्यांच्या बाजूला धरून बसले होते. क्षमा लागणाऱ्यांच्या बाजूला मी कधी उभीच राहिले नव्हते, आणि तिथे उभं राहिल्यावर दिसलं की माझा देव तिकडेच आहे. पुढच्या रांगेत मला तो कधी भेटला नव्हता. हे कळून मला आनंद झाला असं नाही. आधी चीडच आली, इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही म्हणून.

लीलाबाईंकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि काही न विचारता पोहे टाकले. मी सगळं सांगितलं. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “म्हणजे माझी प्रार्थना पत्ता चुकली.” त्या दिवशी खूप दिवसांनी मी हसले.

घरी तोवर रीत बसली होती. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नका, औषधाचाच रंग असतो. मणक्याचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. आमच्या शेजारणीने तरी आपल्या वाट्या परत मागून नेल्या, तेव्हा तिला मी जिन्यावरच विज्ञान शिकवलं. मनोहर माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. पाणी. उशी. पंखा. लॉगरोल करताना आमचे चेहरे वीतभर अंतरावर यायचे आणि ते डोळे मिटून घ्यायचे. मला ते पाय न हलण्याहून जास्त लागायचं. ज्याचं अंग मी पुसत होते त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

पाळकसाहेब दुसऱ्या महिन्यात आले. मनोहर म्हणाले, “अजून आहे.” पेटी मिटली, चहा झाला. त्या दिवसापासून पाळक आले की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. मनोहरशिवाय मला एकटीला प्रभुभोजन घ्यायचं नव्हतं, आणि त्यांना नाही म्हणताना बघायचंही नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात उजव्या पायाचा अंगठा हलला. रूथने व्हिडिओ काढला, सगळ्यांना पाठवला. मंडळीत कुणीतरी म्हणालं, सुमतीबाई, साक्ष द्या, प्रभूने केलेलं सगळ्यांना सांगा. मी म्हटलं, अंगठ्याची साक्ष देत नसतात, थांबा. पाळकसाहेब तिसऱ्यांदा आले. “कमी आहे,” मनोहर म्हणाले, “पण आहे.” मग गुडघा वळला. मग ब्रेस घालून, म्हणजे पाठीला ताठ धरणारं ते प्लॅस्टिकचं जाकीट घालून, फिजिओच्या मुलीने त्यांना वॉकरला उभं केलं. दोन मिनिटं. घामाने निथळले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला त्या तीन आठवड्यांच्या व्यायामाची आठवण झाली आणि मी आत जाऊन भांडी आपटली.

चालणं पाच पावलांवरून दहावर गेलं, दहावरून दारापर्यंत. डॉक्टर म्हणाले, वॉकरशिवाय एक पाऊलही नाही, पडले तर सगळं मुसळ केरात. मराठीत नाही म्हणाले, पण अर्थ तोच.

पाळकसाहेब चौथ्यांदा आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे आत होते. वरणाला फोडणी देत होते. बाहेर त्या दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मग ते थांबलं. मग फरशीवर पाय घासत आणल्याचा आवाज. वॉकरचा टकटक आवाज त्यात नव्हता.

मी वळले. मनोहर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. एक हात चौकटीवर, दुसरा फ्रिजवर. गुडघे कापत होते. बाहेरच्या खोलीपासून इथवर चौदा पावलं आहेत. त्यांच्या मागे पाळकसाहेब दोन्ही हात पुढे करून, पडलेच तर झेलायला, पांढऱ्या चेहऱ्याने उभे होते.

“वॉकर कुठाय?” मी ओरडले. “अक्कल आहे का काही? डॉक्टर काय म्हणाले? पडलात म्हणजे?”

ते मला ओरडू देत राहिले. माझ्याकडे बघत होते. इतक्या महिन्यांनी, सरळ डोळ्यांत.

“झालं तुझं?” ते म्हणाले. “पेटी उघडून पाळकसाहेब खोळंबलेत. गॅस बंद कर आणि चल.”

मी गॅस बंद केला. त्यांचा हात फ्रिजवरून काढून माझ्या खांद्यावर घेतला. बावन्न किलोचे आता साठ झाले होते, ते सगळं वजन माझ्यावर आलं, आणि आम्ही दोघं बाहेर गेलो.